विकल्प, प्रमाण आणि वासना : खेळकथांच्या अधिकृत पाठासंबंधी काही विचार

१

मलकापूर येथील आमच्या पदव्युत्तर अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने आख्यानमीमांसेवर निबंध सादर केला होता. तिने निवडलेली कथा छापील नव्हती. ती २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या व्हिडिओ गेममधील होती. निबंधात एक वाक्य असे होते : 'आपण पूर्वी कोण होतो हे कळल्यावरही रेवन अंधाराकडे परत गेली नाही.' निबंध तपासणाऱ्यांनी 'गेली' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात 'गेला' असे लिहिले, आणि शेजारी 'अधिकृत कादंबरी पाहावी' अशी सूचना केली. विद्यार्थिनीचे म्हणणे एवढेच होते की, आपण खेळलेल्या कथेत रेवन ही स्त्री होती. खेळाने तसे ठरविण्याची मुभा दिली होती, आणि त्या मुभेनुसारच सर्व कथा घडली होती.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. एका क्रियापदाच्या प्रत्ययाचा तो प्रश्न आहे. परंतु ज्याने भाषेचा थोडाही अभ्यास केला आहे, त्याला प्रत्ययाचे प्रश्न क्षुल्लक नसतात हे ठाऊक असते. ती तांबडी रेघ योग्य होती काय, याचा निर्णय करावयाचा झाल्यास कथा म्हणजे काय, तिचा प्रमाणपाठ कोण ठरवितो, आणि ज्या कथेत वाचकालाच निवड करावी लागते त्या कथेला प्रमाणपाठ असू शकतो काय, या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उपर्युक्त खेळात नायकाचे लिंग खेळाडूने आरंभीच निवडावयाचे असते. पुढे कथेच्या मध्यावर असे उघड होते की, स्मृती गमावलेला हा नायक म्हणजेच ज्याच्या नावाने सर्व थरकापतात तो रेवन होय. त्यानंतर सन्मार्गाने जावयाचे की पूर्वीचे सामर्थ्य पुन्हा हाती घ्यावयाचे, हेही खेळाडूच ठरवितो. २००४ साली दुसऱ्या एका संस्थेने या खेळाचा उत्तरभाग तयार केला. त्यात आरंभीच्या एका संभाषणात रेवनचा विषय निघतो आणि खेळाडू जे उत्तर देईल त्यावरून रेवन स्त्री की पुरुष, सज्जन की दुर्जन, हे निश्चित होते. उत्तरभागाने पूर्वभागाच्या खेळाडूला विचारून पुढची कथा सांगितली, असे म्हणता येईल.

२०११ साली मात्र 'द ओल्ड रिपब्लिक : रेवन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे लेखक ड्रू कार्पिशिन हे मूळ खेळाचेही प्रमुख लेखक होते. या कादंबरीत रेवन पुरुष आहे, सन्मार्गी आहे. आणि उत्तरभागातील नायक, ज्याचे लिंगही खेळाडूवर सोपविलेले होते, तो मीत्रा सुरिक नावाची स्त्री आहे. ज्यांनी निराळी निवड केली होती त्यांची कथा अशा रीतीने अप्रमाण ठरली. पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये लुकासफिल्म या स्वामी-संस्थेने तोवरच्या बहुतेक कादंबऱ्या आणि खेळ 'लेजंड्स' म्हणजे दंतकथा या सदरात टाकले. ज्या कादंबरीने खेळाडूंचे पाठ बाद केले होते, तीच तीन वर्षांत स्वतः बाद झाली. प्रामाण्य हे कथेच्या अंगचे नसून बाहेरून चिकटविलेले असते, आणि जो ते चिकटवितो तोच ते काढूनही घेऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण २०१८ सालच्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या खेळाचे. प्राचीन ग्रीसमधील या कथेत अलेक्सिओस आणि कसांड्रा या भावंडांपैकी एकाची निवड करावयाची असते. ज्याची निवड होत नाही ते भावंड 'डेइमॉस' या नावाने प्रतिपक्षात उभे राहते. त्याच वर्षी गॉर्डन डोहर्टी यांनी लिहिलेल्या कादंबरीत कसांड्रा नायिका आहे, आणि युबिसॉफ्ट या संस्थेनेही तीच अधिकृत मानली. म्हणजे ज्यांनी अलेक्सिओसची निवड केली, त्यांचा नायक अधिकृत कथेत प्रतिनायक ठरला. पुढे २०१९ च्या जानेवारीत आलेल्या पुरवणी-कथेत नायकाचा एका व्यक्तीशी संसार घडवून आणून त्यास अपत्य झाल्याचे दाखविले. प्रेमसंबंधांची निवड सर्वस्वी खेळाडूची, असे मूळ खेळाने आश्वासन दिले होते; ते येथे मोडले. खेळाडूंनी निषेध केल्यावर निर्मात्यांनी क्षमा मागितली आणि पुढच्याच महिन्यात प्रसंगात फेरफार केला. आता हा संबंध प्रेमापोटी की केवळ वंश चालावा म्हणून, एवढे ठरविता येऊ लागले. अपत्य मात्र राहिले. कारण पुढील कथेस वंशाची गरज होती.

सर्वच निर्मात्यांनी ही वाट धरली असे नाही. 'मास इफेक्ट' मालिकेच्या कार्पिशिन यांनीच लिहिलेल्या कादंबऱ्यांत नायक शेपर्ड याला मध्यवर्ती स्थान दिलेले नाही, आणि २०१७ सालचा या मालिकेतील खेळ तर दुसऱ्याच आकाशगंगेत नेऊन ठेवला आहे. तेथेही शेपर्ड स्त्री होती की पुरुष होता, हे खेळाडूस विचारून घेतले जाते. २०१५ सालच्या 'लाइफ इज स्ट्रेंज' या खेळाच्या शेवटी मैत्रीण वाचवावी की गाव वाचवावे, असा पेच आहे. २०१८ पासून निघालेल्या त्याच्या चित्रकथांनी मैत्रीण वाचल्याची वाट घेतली, तर २०२४ सालच्या 'डबल एक्स्पोझर' या खेळाने 'तुमच्या कथेत काय घडले होते?' अशी पृच्छा करूनच पाऊल टाकले. सर्वांत धीट तोडगा 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेचा होय. १९९६ सालच्या 'डॅगरफॉल'ला परस्परविरोधी असे अनेक शेवट होते. २००२ सालच्या 'मॉरोविंड'पासून या मालिकेने असे मानले की, काळाचीच घडी विस्कटली आणि ते सारे शेवट एकदमच घडले.

एकंदरीत चार रीती दिसतात : एक पाठ प्रमाण मानून इतर बाद करणे, त्या विषयावर मौन पाळणे, खेळाडूस पृच्छा करणे, आणि सर्व पाठ सत्य मानणे. यांतील चौथी रीत आपल्या पुराणिकांस नवी वाटणार नाही. एकाच देवाची कथा दोन पुराणांत दोन तऱ्हांनी आली की, 'कल्पभेद' म्हणून ते शंकेचे समाधान करीत आले आहेत. एका कल्पात असे घडले, दुसऱ्यात तसे, दोन्ही खरे.

३

आता त्या तांबड्या रेघेकडे वळू. ही रेघ ओढता आली, याचे श्रेय काही अंशी मराठी व्याकरणाला आहे.

खेळातील संवाद नायकाला उद्देशून, म्हणजे द्वितीय पुरुषी असतात. इंग्रजीत द्वितीय पुरुषाला लिंग नाही. त्यामुळे 'तू परत आलास' आणि 'तू परत आलीस' यांसाठी तेथे एकच वाक्य पुरते. मराठीत ते पुरत नाही. अकर्मक धातूच्या भूतकाळात क्रियापद कर्त्याचे लिंग धारण करते : मी आलो, मी आले. वर्तमानकाळातही तेच : मी जातो, मी जाते. परंतु सकर्मक धातूचा भूतकाळ कर्मणी किंवा भावे प्रयोगात जातो, आणि तेथे कर्त्याचे लिंग झाकले जाते. 'मी शत्रूला पाहिले', 'मी तलवार उचलली', 'मी क्षमा केली' या वाक्यांवरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. भविष्यकाळात 'मी जाईन', आदरार्थी 'तुम्ही आलात', राजेरजवाड्यांचे 'आम्ही आलो' हीही रूपे लिंगाविषयी मुग्ध आहेत.

यावरून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. मराठीत खेळकथा सांगणाऱ्याला नायकाने काय केले हे लिंग न सांगता सांगता येते. पण नायक आला, बसला, रडला, मेला हे सांगताना भाषा त्याच्याकडून उत्तर वसूल करते. कृतीपुरता विकल्प राखता येतो, अस्तित्वाची गोष्ट निघाली की तो संपतो. आमच्या विद्यार्थिनीने 'रेवनने अंधार नाकारला' असे लिहिले असते, तर तपासणाऱ्यांना रेघ ओढण्यास जागाच राहिली नसती. ती 'गेली नाही' असे लिहून मोकळी झाली. तिने चूक केली नाही. तिने आपला पाठ प्रामाणिकपणे नोंदविला.

याहूनही मूलगामी असा भेद पुरुषाचा आहे. खेळ 'तू'शी बोलतो. कादंबरी 'तो' किंवा 'ती' विषयी बोलते. विकल्प द्वितीय पुरुषात नांदतो, कारण ज्याला संबोधले जाते त्याला उत्तर देण्याचा अधिकार असतो. तृतीय पुरुष हा अनुपस्थिताचा पुरुष होय. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याला विचारले जात नाही. खेळावरून उपकथा लिहिली जाते तेव्हा या 'तू'चे 'तो' होते, आणि अधिकृत कथेचा सारा तंटा या एका रूपांतरात साठलेला आहे.

४

अधिकृत पाठाचा कैवार घेणारे विचारतील की, ग्रंथांच्या बाबतीत आपण तरी दुसरे काय करतो? श्रीएकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात, विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांच्या हातून, १२५९ हस्तलिखितांच्या आधारे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. लक्षावधी श्रोत्यांना पाठ असलेले कित्येक प्रसंग तीत मुख्य संहितेबाहेर गेले. मग खेळकथांनीच काय पाप केले?

या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, चिकित्सक आवृत्ती पाठ बाजूस सारते, पण पुसून टाकीत नाही. वगळलेला प्रत्येक श्लोक तळटीपेत किंवा परिशिष्टात, तो कोणत्या हस्तलिखितात आढळतो हे नोंदवून, जपून ठेवलेला असतो. एकनाथांच्या शुद्ध पाठाला अशी तळटीप नव्हती, आणि म्हणूनच एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी कशी होती हा प्रश्न अभ्यासकांना शतकानुशतके छळीत राहिला. राजवाड्यांनी १९०९ साली एक जुनी प्रत छापल्यावर केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. अधिकृत खेळकथेचा दोष ती निवड करते हा नव्हे. ती तळटीप ठेवीत नाही, हा आहे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. पाठचिकित्सा जेथे चालते तेथे मागे कोठेतरी एक मूळ संहिता होती असे गृहीत असते. लेखनिकांच्या हातून तिचे अनेक पाठ झाले. हे पाठभेद अपघाताने किंवा परकीय हाताने उपजलेले असतात. खेळातील भेद तसे नाहीत. स्त्री-रेवन आणि पुरुष-रेवन, दोघांचेही संवाद एकाच लेखकवर्गाने, एकाच वेळी, सारख्याच अधिकाराने लिहिलेले आहेत. निवडीपूर्वीचा असा एकही मूळ पाठ तेथे नाही. ते पाठभेद नव्हेत, विकल्प होत. 'खेळाडूची निवड कसली? सर्व वाटा तर लेखकानेच आखल्या', असे काही जण उपहासाने म्हणतात. हे खरेच आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष त्यांना अनुकूल नाही. सर्व वाटा लेखकाच्याच असतील, तर त्यांतील एकही वाट परकी म्हणून झिडकारण्याचा अधिकार त्याला उरत नाही.

येथे वऱ्हाडातीलच एका ग्रंथाचे स्मरण होते. ऋद्धिपुरास म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या, त्या ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन, विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. परंपरा सांगते की, मूळ पोथी पुढे धाडीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी आपापल्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा लिहिले. त्यामुळे पाठ अनेक झाले. महानुभावांनी या पाठांना जे नाव दिले ते विचार करण्यासारखे आहे : 'वासना'. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. स्मरणाचा आणि स्मरणाऱ्याचा जो संस्कार, तोच पाठाला नाव देतो. वासना म्हणजे चूक नव्हे. कोणाच्या मुखाने ही कथा आली याची ती नोंद आहे. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्याचा मोठा भाग या वाङ्मयाला वाहिला आणि १९७८ साली लीळाचरित्राची आवृत्ती सिद्ध केली. ज्या तालुक्याने असा पाठसंशोधक दिला, तेथे तरी पाठ आणि चूक यांतला फरक आपण विसरू नये.

५

पाणिनीने विकल्प सांगण्यासाठी 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन शब्द योजिले आहेत. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या, पुणे विद्यापीठाच्या संस्कृत केंद्राचाही प्रकाशनात वाटा असलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, त्यांत तारतम्य आहे : 'वा' म्हणजे हे रूप अधिक पसंत, 'विभाषा' म्हणजे कमी पसंत, आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखीच. या मतावर वाद झाले आहेत, आणि तो वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु त्यातील विवेक आपल्या कामाचा आहे. एखादा विकल्प अधिक पसंत आहे असे सांगणे निराळे, आणि दुसरा विकल्प अशुद्ध आहे असे सांगणे निराळे. वैयाकरण पसंती सांगतो तेव्हाही दुसरे रूप साधूच राहते. युबिसॉफ्टने 'कसांड्रा अधिक पसंत' एवढेच म्हटले असते, तर ते 'वा' झाले असते. अधिकृत कथा हे शब्द उच्चारताच विकल्पाचा नियम नित्य होतो, आणि मागे वळून पूर्वीच्या सर्व प्रयोगांना अपशब्द ठरवितो.

मग अधिकृत कथेला काही स्थानच नाही काय? आहे. कोशात आपण 'करणे' हे शीर्षरूप देतो. ते 'केले', 'करील', 'करू' यांपेक्षा अधिक खरे आहे म्हणून नव्हे, तर शोधणाऱ्याला एका ठिकाणी सापडावे म्हणून. संस्कृत व्याकरणात धातूचे रूप निराळ्या प्रकारे दाखवितात, तीही सोयच. अधिकृत कथा ही अशी शीर्षरूप आहे. मालिका चालू ठेवावयाची, नव्या लेखकाला आधार द्यावयाचा, तर कोणतेतरी एक रूप पुढे करावेच लागते. कादंबरीकाराला तर दोन वाटा एकदम चालताच येत नाहीत. त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु शीर्षरूपाला रूपावलीची मालकी नसते. 'करणे' हे कोशात आहे म्हणून 'केले' हे अशुद्ध, असे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

याच दृष्टीने 'रेवन' या कादंबरीचे मूल्यमापन करावयास हवे. तिने रेवनला पुरुष केले, ही तिची उणीव नव्हे. तिची खरी उणीव अर्थाच्या पातळीवर आहे. सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण हे शिकत आलो की, चिन्हाचे मूल्य त्याच्याऐवजी जे येऊ शकले असते त्याच्याशी असलेल्या विरोधातून उपजते. खेळात रेवनचे सन्मार्गावर येणे मोलाचे होते, कारण दुसरी वाट खरोखर उघडी होती, आणि ती उघडी आहे हे जाणूनच खेळाडूने पाय उचलला होता. कादंबरीत तेच वळण पूर्वी घडून गेलेली हकीकत म्हणून येते. विरोध नाहीसा झाला, मूल्य उतरले. निवड होती तेथे चरित्र उरले. उलट 'ओडिसी'च्या पुरवणी-कथेचा दोष नैतिक आहे, आणि म्हणून अधिक जड आहे. कादंबरी 'तो'ची कथा सांगते. ती कोणाला वचन देत नाही. पुरवणी-कथा मात्र त्याच खेळात, त्याच 'तू'ला उद्देशून बोलते, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडचे उत्तर आपणच देते. संबोधन राखून अधिकार काढून घेणे, हा भाषाव्यवहारातला विश्वासघात होय.

कल्पभेदाचा तोडगा उदार आहे खरा, परंतु त्यातही एक धोका आहे. सर्वच शेवट घडले असे म्हटले की कोणत्याही शेवटाची जबाबदारी उरत नाही. ज्याने गाव बुडविले आणि ज्याने वाचविले, दोघेही सारखेच निर्दोष ठरतात. पृच्छेची रीत त्या मानाने अधिक सरस वाटते : ती निवड मान्य करते आणि तिचे ओझेही निवडणाऱ्याच्याच खांद्यावर ठेवते.

६

आता व्यवहाराचे बोलू. असे निबंध यापुढे आपल्या विभागांत अधिकाधिक येणार, हे उघड आहे. हस्तलिखिताचा उल्लेख करताना आपण प्रत, पत्र आणि पृष्ठ सांगतो. खेळकथेचा उल्लेख करताना विद्यार्थ्याने आपली वासना सांगावी : खेळाची कोणती आवृत्ती, नायकाचे कोणते रूप, कोणत्या वळणावर कोणती निवड, आणि शेवट कोणता. परीक्षकाने त्या नोंदीशी विधान ताडून पाहावे. नोंद नसेल तर दोष नोंद न केल्याचा आहे. नोंद असेल आणि विधान तिच्याशी विसंगत असेल, तर चूक अवश्य दाखवावी. परंतु विधान नोंदीशी सुसंगत असताना ते दुसऱ्या ग्रंथाशी जुळत नाही म्हणून रेघ ओढणे, हे एका पोथीचा पाठ दुसऱ्या पोथीवरून खोडण्यासारखे आहे.

आमच्या विद्यार्थिनीच्या निबंधात अशी नोंद नव्हती. तेवढ्यापुरता दोष तिचा होता, आणि तो तिने मान्य केला. सुधारलेल्या प्रतीत तिने पहिल्याच पानावर आपली निवड चार ओळींत लिहिली. 'गेली' हे क्रियापद मात्र तिने बदलले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ते बदलण्याचे कारणही नव्हते.